देवीचा व्हायरस अजून दोन लॅबमध्ये आहे, तो नष्ट करायचा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर लोक मला वर्षानुवर्षं तेच तेच प्रश्न पाठवतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच एका जागी लिहून ठेवतेय. प्रश्न शक्यतो तुमच्याच शब्दांत ठेवलेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात येऊन गेली असेल तर तिथला नंबर दिलाय, तो बघा.

1. देवी म्हणजे कांजिण्याच ना? आमच्याकडे तर दोन्हीला "देवी आल्या" म्हणतात.

नाही, हे दोन पूर्ण वेगळे रोग आहेत. कांजिण्या अजून आहेत, मुलांना होतात, आठ-दहा दिवसांत बऱ्या होतात, आणि त्यांचे फोड छाती-पाठीवर जास्त येतात, काही नवे काही सुकलेले असे सरमिसळ. देवीचे फोड चेहऱ्यावर, हातापायांवर जास्त, अगदी तळहात-तळपायावरसुद्धा, सगळे एकाच वेळी एकाच अवस्थेत, आणि हाताला कातडीखाली दाणे असावेत तसे टणक लागायचे. देवीच्या मोठ्या प्रकारात 100 पेशंटपैकी साधारण 30 दगावायचे. वाचले त्यांच्या तोंडावर वण राहायचे आणि काहींचे डोळे जायचे. विसाव्या शतकात या एका रोगाने जवळपास 30 कोटी माणसं मारली असा अंदाज आहे.

माझ्या आजीच्या दोन्ही गालांवर वण होते. लहानपणी मी तिच्या मांडीवर पडून त्या खळग्यांवरून बोट फिरवायचे, आणि ती एकच सांगायची की माझ्यासोबत धाकटा भाऊ पण आजारी होता, मी उठले, तो नाही उठला. हा विषय माझ्यासाठी फक्त विज्ञानाचा का नाही ते यावरून कळेल.

2. रोग संपला ना? मग व्हायरस आहे कुठे?

रोग संपलाय, 100 टक्के. निसर्गातून झालेली शेवटची केस म्हणजे सोमालियातल्या मर्का गावचा अली माओ मालिन, हॉस्पिटलमध्ये स्वयंपाकी होता, ऑक्टोबर 1977 मध्ये त्याच्या अंगावर फोड आले आणि तो बरा झाला. (पुढे त्याने पोलिओ मोहिमेत काम केलं आणि 2013 मध्ये वारला.) भारतातली शेवटची केस मे 1975 मध्ये आसामच्या करीमगंजला सापडली. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे 1974 मध्ये, आपल्या देशात 1 लाख 88 हजार केसेस आणि 31 हजारांवर मृत्यू झाले होते, म्हणजे वर्षभरात केवढं काम झालं असेल बघा. 8 मे 1980 ला जागतिक आरोग्य सभेने (डब्ल्यूएचओच्या सदस्य देशांच्या बैठकीने) जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

व्हायरस मात्र दोन ठिकाणी अधिकृतपणे गोठवून ठेवलाय. एक अमेरिकेत अटलांटाला सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेत, तिथे 451 नमुने आहेत. दुसरं रशियात सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्कजवळ कोल्त्सोवो गावात, "व्हेक्टर" नावाच्या संस्थेत, तिथे साधारण 120. हे नमुने म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या साथींतल्या पेशंटच्या फोडांतून आणि खपल्यांतून घेतलेला व्हायरस. त्यात भारतातलेही आहेत.

3. तेव्हाच का नाही जाळून टाकला? ठेवलाच कशाला?

तेव्हा जगभर सत्तरच्या वर लॅबमध्ये हा व्हायरस होता. साथी चालू होत्या, निदान करायला, संशोधनाला प्रत्येकाकडे आपापला साठा. डब्ल्यूएचओने 1976 पासून सगळ्यांना सांगायला सुरुवात केली की एकतर नष्ट करा नाहीतर ठरलेल्या थोड्या लॅबमध्ये पाठवा. हळूहळू आकडा खाली आला, दक्षिण आफ्रिकेने 1983 च्या शेवटी आपला साठा नष्ट केला आणि उरले फक्त अमेरिका आणि सोव्हिएत युनियन. शीतयुद्धाचा काळ, दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, त्यामुळे "तू ठेवणार तर मी पण ठेवणार" असं करत दोघांनी ठेवले. त्या वेळी एक खरं शास्त्रीय कारणही होतं, व्हायरसचा पूर्ण जेनेटिक कोड कुणी वाचलेला नव्हता, आणि तो न वाचता कायमचा नष्ट करणं बऱ्याच जणांना पटत नव्हतं. ते कारण 1990 च्या दशकात संपलं, प्रश्न 11 बघा.

4. मी ऐकलं की नष्ट करायची तारीख पण ठरली होती, मग काय झालं?

एकदा नाही, पुन्हा पुन्हा ठरली. 1986 मध्येच तज्ञांच्या समितीने नष्ट करा म्हटलं होतं. मग 1993 ची तारीख, ती गेली, मग 1995, तीही गेली. मग 1996 मध्ये जागतिक आरोग्य सभेने ठराव केला की 30 जून 1999 ला दोन्ही साठे नष्ट करायचे. आणि एप्रिल 1999 मध्ये अमेरिकेने, क्लिंटन अध्यक्ष असताना, भूमिका बदलली, आम्ही ठेवणार, औषधं शोधायची आहेत, जैविक हल्ल्याची भीती आहे. रशियाचं म्हणणं आधीपासून ठेवायचंच होतं. मे 1999 मध्ये सभेने 2002 पर्यंत मुदत दिली, "तात्पुरती" हा शब्द वापरून. 2002 मध्ये मुदत पुढे ढकलली, आणि त्यानंतर 2007, 2011, 2014 असं दर काही वर्षांनी हा विषय चर्चेला येतो आणि तारीख न ठरता उठतो. 2011 मध्ये तर ठेवण्याच्या बाजूच्या ठरावाला इराणसकट काही देशांनी जोरदार विरोध केला म्हणून चर्चाच 2014 च्या सभेवर ढकलली. तात्पुरतं म्हणून ठेवलेलं सामान घरात वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहतं तसं झालंय हे.

5. व्हायरस नष्ट केला तर लस कशी बनवणार?

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त वेळा दिसतो, म्हणून नीट सांगते. देवीची लस देवीच्या व्हायरसपासून बनत नाही, कधीच बनत नव्हती. ती बनते व्हॅक्सिनिया नावाच्या वेगळ्याच, त्याच्या चुलतभावासारख्या व्हायरसपासून. इंग्लंडच्या डॉ. एडवर्ड जेन्नरने 1796 मध्ये गाईच्या देवीपासून सुरुवात केली. भारतात पहिली लस मुंबईत 14 जून 1802 ला अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली, आणि ती लस बगदाद-बसरामार्गे एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचत टोचत जिवंत ठेवून आणली होती. बेळगावात टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोवर लोक आज फिरायला जातात, त्या जागेचं नाव या लशीच्या कारखान्यावरूनच पडलंय.

म्हणजे अटलांटा आणि कोल्त्सोवोचे साठे उद्या भट्टीत गेले तरी लस बनवायला काहीच अडचण नाही. पूर्ण मोहीम याच लशीने जिंकली, आणि आता त्याहून सेफ लशी पण आल्यात (प्रश्न 13).

6. मग ठेवा म्हणणाऱ्यांचं नेमकं म्हणणं काय आहे?

त्यांना वेड्यात काढू नका, मुद्दे खरे आहेत. पहिला औषधांचा. समजा कुठूनतरी देवी परत आली तर लस आहे पण आजारी पडलेल्या माणसाला द्यायला औषध हवं. त्यासाठी टेकोविरिमॅट आणि ब्रिन्सिडोफोविर ही दोन औषधं अमेरिकेत अनुक्रमे 2018 आणि 2021 मध्ये मंजूर झाली, आणि दोन्हींची तपासणी खऱ्या व्हायरसवर झाली होती. पेशंटच नसल्यामुळे ती प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या जोरावर मंजूर झालीत. ठेवा म्हणणारे म्हणतात दोन औषधं पुरेशी नाहीत, व्हायरसने एकाला दाद दिली नाही तर? आणि 2024 मध्ये काँगोतल्या ट्रायलमध्ये टेकोविरिमॅटने एमपॉक्सच्या (आधीचं नाव मंकीपॉक्स, देवीच्याच कुळातल्या व्हायरसचा रोग) पेशंटचे फोड लवकर बरे झाले नाहीत, तेव्हा ही शंका अजून वाढली.

दुसरा मुद्दा, नव्या लशीने तयार झालेल्या अँटिबॉडी खऱ्या व्हायरसला रोखतात का हे खऱ्या व्हायरसवरच बघता येतं. तिसरा, कुणाकडे लपवलेला साठा असेल तर आपण आपला नष्ट करून निःशस्त्र व्हायचं का (प्रश्न 10). चौथा थोडा वेगळा आहे, हा व्हायरस माणसाच्या प्रतिकारशक्तीला कसा चकवतो ते अजून पूर्ण कळलेलं नाही.

7. आणि नष्ट करा म्हणणारे?

त्यात सगळ्यात मोठं नाव डोनाल्ड हेंडरसन. ज्या माणसाने डब्ल्यूएचओची देवी निर्मूलन मोहीम चालवली तोच 2016 मध्ये जाईपर्यंत सांगत राहिला की नष्ट करा. त्यांच्या बाजूचं म्हणणं असं, की जोवर व्हायरस आहे तोवर तो बाहेर पडण्याची शक्यता शून्य होत नाही, आणि जगातल्या बहुतेक लोकांना आता प्रतिकारशक्ती उरलेली नाही. निदानासाठी आणि लशीसाठी जिवंत व्हायरस लागत नाही हे डब्ल्यूएचओने नेमलेल्या स्वतंत्र तज्ञांनी 2013 मध्ये सांगितलं, वाद उरला तो औषधांपुरता. प्राण्यांवरचे प्रयोग पण तितकेसे पक्के नाहीत, हा व्हायरस माणसाशिवाय कुणात नीट वाढतच नाही, माकडांना आजारी पाडायला शिरेतून अब्जावधी कण टोचावे लागले, आणि असा आजार माणसाच्या देवीशी कितपत जुळतो हा प्रश्न राहतोच.

आणि एक मुद्दा जो मला सगळ्यात जवळचा वाटतो. सगळ्या देशांनी मिळून हा रोग संपवला, बिहारच्या गावागावात दारोदार फिरणाऱ्या कामगारांनी संपवला, मग जपून ठेवायचा का ते दोनच देशांनी का ठरवायचं.

8. लॅबमधून खरंच कधी बाहेर पडलाय का, की नुसती भीती?

पडलाय. हे उत्तर लांब आहे, पण वाचाच.

मार्च 1973, लंडन. तिथल्या लॅबमधल्या एका असिस्टंटला लागण झाली, वेळेत ओळखू आली नाही, तिला साध्या वॉर्डात ठेवलं. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटला भेटायला आलेल्या दोघांना देवी झाली आणि दोघेही गेले. ते भेटायला आले होते, बस, एवढाच त्यांचा संबंध.

मग 1978, बर्मिंगहॅम. जगातली शेवटची नैसर्गिक केस होऊन वर्ष पण झालं नव्हतं. मेडिकल स्कूलमध्ये जॅनेट पार्कर नावाची फोटोग्राफर काम करायची, वय 40. तिचं काम देवीच्या लॅबच्या वरच्या मजल्यावर, लॅबशी तिचा काही संबंध नाही. 11 ऑगस्टला ताप आला, अंगावर पुरळ आलं, आधी वाटलं औषधाची रिअॅक्शन असेल, देवी असेल हे कुणाच्या डोक्यातच नाही कारण देवी तर जगातून गेली होती ना. निदान व्हायला जवळजवळ दोन आठवडे लागले. 11 सप्टेंबरला ती गेली. तिच्या आईला पण लागण झाली, आई वाचली. वडील त्याच दिवसांत हार्ट अॅटॅकने गेले. शेकडो लोकांना लस टोचावी लागली, कित्येकांना घरात कोंडावं लागलं. लॅबचे प्रमुख प्रोफेसर हेन्री बेडसन यांनी जॅनेट जाण्याच्या काही दिवस आधी आत्महत्या केली.

व्हायरस खालच्या मजल्यावरून वर कसा गेला यावर चौकशी झाली, अहवालात हवेच्या डक्टमधून गेला असावा असं म्हटलं, कोर्टात ते टिकलं नाही, आणि आजही नक्की उत्तर नाही. हे मला सगळ्यात अस्वस्थ करतं. दुसरी गोष्ट, ती लॅब त्या वर्षाअखेर बंदच होणार होती, आणि बंद व्हायच्या आत काम उरकायची घाई चालली होती. आणि जॅनेटने 1966 मध्ये लस घेतली होती.

9. दोनच ठिकाणी आहे हे नक्की का? कुठेतरी विसरलेली बाटली असेल तर?

होती ना. जुलै 2014 मध्ये अमेरिकेत बेथेस्डाला सरकारी आवारातली एक जुनी लॅब हलवायचं काम चाललं होतं, तिथल्या कोल्ड रूममध्ये पुठ्ठ्याचे खोके निघाले. एका खोक्यात कापसात गुंडाळलेल्या काचेच्या सीलबंद कुप्या, त्यातल्या सहांवर देवीच्या व्हायरसचं नाव, तारीख 10 फेब्रुवारी 1954. साठ वर्षं त्या तिथे पडून होत्या आणि कुठल्याच यादीत त्यांची नोंद नव्हती. सीडीसीत तपासल्यावर दोन कुप्यांतला व्हायरस जिवंत निघाला. फेब्रुवारी 2015 मध्ये डब्ल्यूएचओच्या माणसांसमोर त्या नष्ट केल्या.

मी एमएस्सीनंतर दोन वर्षं एका मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये होते, त्यामुळे हे वाचून मला नवल वाटलं नाही. आमचा डीप फ्रीजर एकदा डीफ्रॉस्ट करायला काढला तर मागच्या कप्प्यात बर्फाच्या थरात चिकटलेला एक रॅक निघाला, वायलवर मार्करने दोन अक्षरं आणि एक आकडा, अर्धं पुसलेलं. रजिस्टरमध्ये नोंद नाही, ज्याने ठेवलं तो नोकरी सोडून गेलेला. आमच्याकडे धोकादायक काहीच नसायचं, ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करून) टाकून दिलं आणि विषय संपला. पण त्या दिवसापासून "आमच्याकडे सगळ्याची नोंद आहे" या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही, मग ते कुणीही म्हणो.

10. रशियाने किंवा आणखी कुणी लपवून ठेवला असेल तर आपण नष्ट करून मूर्ख ठरणार नाही का?

शंका हवेतली नाही. सोव्हिएत युनियनने देवीचं शस्त्र बनवायचा कार्यक्रम चालवला होता, हे त्या कार्यक्रमात वरच्या पदावर असलेले आणि 1992 मध्ये अमेरिकेत गेलेले केन अलिबेक यांनी सांगितलंय. त्यांच्या म्हणण्यानुसार शस्त्रासाठी निवडलेला स्ट्रेन, म्हणजे व्हायरसचा वाण, भारतातून 1967 मध्ये नेलेला होता. म्हणजे आपल्याच कुणाच्या तरी आजारातून घेतलेला व्हायरस, हे वाचल्यावर पोटात कसंतरी होतं. 1971 मध्ये अरल समुद्राच्या काठी अराल्स्क गावात देवीची साथ आली होती, 10 जणांना लागण, तिघांचा मृत्यू, आणि ती साथ जवळच्या बेटावरच्या शस्त्रचाचणीतून आली असं अनेक तज्ञांचं मत आहे. सोव्हिएत सरकारने ती दाबून ठेवली.

पण आता नीट विचार करा. समजा कुणाकडे लपवलेला साठा आहे. त्याने हल्ला केला तर तुम्हाला काय लागेल? लस, औषधं, आयसोलेशन, पटकन निदान. अटलांटातल्या फ्रीजरमधल्या 451 कुप्या त्यातलं काहीच करत नाहीत. आणि हल्ला झालाच तर त्या पेशंटमधून व्हायरस मिळेलच की. माझ्या मते या मुद्द्यात भीती खरी आहे पण तिचा उपाय साठा ठेवणं हा नाही.

11. जेनेटिक कोड तर सगळ्यांना माहितीय, मग कुणीही बनवू शकतो, नष्ट करून काय फायदा?

हा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि इथे नष्ट करा म्हणणारी मी पण अडखळते. देवीच्या व्हायरसचा जीनोम साधारण 1 लाख 86 हजार अक्षरांचा आहे. बांगलादेश-1975 आणि भारत-1967 या स्ट्रेनचा पूर्ण कोड 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच वाचून झाला आणि छापूनही आला. 2018 च्या सुरुवातीला कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या डेव्हिड इव्हान्स यांच्या टीमने त्याच कुळातल्या घोड्याच्या देवीचा व्हायरस, 2 लाख 12 हजार अक्षरांचा, टपालाने मागवलेल्या डीएनएच्या तुकड्यांपासून जोडून जिवंत केल्याचं प्रसिद्ध केलं. खर्च साधारण 1 लाख डॉलर. म्हणजे कुशल टीम, चांगली लॅब आणि पैसा असेल तर देवीचा व्हायरससुद्धा तत्त्वतः बनवता येईल.

याचे दोन्ही बाजूंनी अर्थ काढतात. ठेवा म्हणणारे म्हणतात, आता नष्ट करून धोका संपत नाहीच, मग औषधं शोधायला ठेवूया. नष्ट करा म्हणणारे म्हणतात, कधी खरंच गरज पडली तर परत बनवता येईल, मग आज जपून ठेवायची जोखीम कशाला? मला दुसरं जास्त पटतं. "कुणीही" मात्र बनवू शकत नाही, घरातल्या गॅरेजमध्ये होणारं काम नाही हे. आणि डब्ल्यूएचओच्या नियमाने या दोन लॅब सोडून कुणालाही या जीनोमचा 20 टक्क्यांहून जास्त भाग जवळ ठेवता येत नाही, जोडून व्हायरस बनवायला तर पूर्ण बंदी. डीएनए विकणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक ऑर्डर तपासली पाहिजे, खरं भांडण आता तिथे करायला हवं.

12. जुन्या खपल्या, बर्फात गाडलेली प्रेतं, यातून परत येऊ शकतो का?

खपल्यांमध्ये व्हायरस चिवट असतो हे खरं. नेदरलँड्समध्ये पाकिटात साध्या खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या खपल्यांत 13 वर्षांनीही जिवंत व्हायरस सापडला होता. पण शतकभर जुन्या खपल्यांत अजून कुणाला जिवंत सापडलेला नाही. 2003 मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोत एका 1888 च्या पुस्तकात पाकिटात खपल्या मिळाल्या, त्यात जिवंत काही नव्हतं. सायबेरियात याकुतियात गोठलेल्या तीनेकशे वर्षांपूर्वीच्या प्रेतांतून डीएनएचे तुकडे मिळाले, अख्खा व्हायरस नाही. शक्यता शून्य म्हणता येत नाही, पण फ्रीजरमध्ये मुद्दाम नीट जपलेल्या व्हायरसशी तिची तुलनाच नको.

13. माझ्या दंडावर देवी टोचल्याचा वण आहे, मी सेफ का? आणि माझ्या मुलांचं काय?

वण असेल तर थोडंफार संरक्षण दशकानुदशकं राहतं, मरण्याची शक्यता कमी होते, पण पक्कं संरक्षण साधारण पाच-दहा वर्षंच. जॅनेट पार्करचं उदाहरण प्रश्न 8 मध्ये आहेच. एक करा, तो वण देवीचाच आहे ना बघा, डाव्या दंडावरचा छोटा गोल वण बऱ्याचदा बीसीजीचा असतो आणि तो आजच्या मुलांनाही असतो.

मुलांना काहीच संरक्षण नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ही लस थांबली, तेव्हा साधारण 1980 नंतर जन्मलेल्या कुणालाच टोचलेलं नाही. घाबरून लस शोधत फिरू नका, रोगच नाही तर लस घ्यायचं कारण नाही, आणि जुन्या लशीचे साइड इफेक्ट कमी नव्हते. एमव्हीए-बीएन नावाची नवीन सौम्य लस आहे, 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, ती एमपॉक्सच्या साथीत वापरली गेली.

14. पुण्याच्या एनआयव्हीत देवीचा व्हायरस आहे का?

नाही. अधिकृत ठिकाणं दोनच, प्रश्न 2 मध्ये दिलीत. एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत) सगळ्यात वरच्या सुरक्षेची, म्हणजे बीएसएल-4 लॅब आहे त्यामुळे लोकांना वाटतं. तिथे जुलै 2022 मध्ये केरळच्या पेशंटच्या नमुन्यावरून देशातल्या पहिल्या एमपॉक्सचं निदान झालं. एमपॉक्स त्याच कुळातला पण वेगळा व्हायरस आहे, आणि या दोन नावांच्या घोळातून व्हॉट्सअॅपवर बरेच फॉरवर्ड फिरतात.

15. एखादा जीव पृथ्वीवरून मुद्दाम कायमचा संपवणं योग्य आहे का?

काही मित्र मला हे मनापासून विचारतात. वाघ संपवणं आणि हे यात मला फरक दिसतो. हा व्हायरस फक्त माणसात जगायचा, कुठल्या प्राण्यात नाही, कुठल्या अन्नसाखळीत नाही, त्याच्यावर कुणाचं पोट नव्हतं. त्याचा कोड आपल्याकडे अक्षर न् अक्षर आहे, म्हणजे माहिती हरवत नाही. मला यात पाप वाटत नाही.

16. असा दुसरा कुठला रोग आहे का ज्याचे साठे खरंच नष्ट केले?

आहे, आणि शेतकऱ्यांच्या घरातल्यांना तो माहीत असेल. गुरांचा बुळकांडी. एकेका गावातली अख्खी दावणं रिकामी करायचा. ब्रिटिशांनी 1889 मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी काढली ती मुख्यतः गुरांच्या अशा साथींसाठीच, नंतर ती उत्तराखंडात मुक्तेश्वरला गेली आणि आजची आयव्हीआरआय (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था) झाली. 2011 मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं, देवीनंतर हा दुसराच रोग. मग ब्रिटनमधल्या पिरब्राइट संस्थेने एक साधी पद्धत वापरली, प्रत्येक नमुन्याचा कोड आधी वाचून काढायचा, मग नमुना नष्ट करायचा. जून 2019 मध्ये त्यांनी तीन हजारांवर कुप्या अशा संपवल्या. काही देशांतल्या थोड्या लॅबमध्ये साठे अजून आहेत, पण वाट दिसली.

17. पोलिओ संपल्यावर हाच प्रश्न येणार का?

येणार, आणि जास्त अवघड, कारण पोलिओचा व्हायरस असंख्य लॅबमध्ये आहे, शिवाय इंजेक्शनची लस बनवायला कारखान्यात तो लिटरच्या लिटर वाढवतात. 2014 मध्ये बेल्जियमच्या एका लस कारखान्यातून चुकून 45 लिटर जिवंत पोलिओ व्हायरस सांडपाण्यात गेला, सुदैवाने कुणाला लागण झाल्याचं आढळलं नाही. आपल्याकडे 2002-03 मध्ये उत्तर भारतातल्या काही मुलांमध्ये टाइप 2 चा (पोलिओच्या तीन प्रकारांपैकी एक) व्हायरस सापडला, साथीतला टाइप 2 तर 1999 मध्येच संपला होता. तपासल्यावर निघाला एमईएफ-1, जो लॅबमध्ये वापरायचा स्ट्रेन आहे. म्हणून देवीच्या बाबतीत जे ठरेल त्याचा नमुना पुढे पोलिओला लागू होणार आहे.

18. नष्ट करायचं म्हणजे प्रत्यक्षात काय करणार?

तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपं. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशाला वाफेच्या दाबाखाली ठेवायचं, मग भट्टीत जाळायचं. एका दिवसाचं काम. अवघड आहे ते साक्षीपुराव्याचं. सध्या डब्ल्यूएचओची टीम दर दोन वर्षांनी दोन्ही लॅबची सुरक्षा तपासते, पण प्रत्येक कुपी मोजली आणि एकही मागे राहिली नाही हे बाहेरच्या माणसाला सिद्ध करून दाखवणं हे वेगळं काम आहे. 2019 च्या सप्टेंबरमध्ये व्हेक्टरच्या एका इमारतीत दुरुस्ती चालू असताना गॅसचा स्फोट झाला, एक कामगार भाजला. जिथे स्फोट झाला तिथे व्हायरस नव्हता असं अधिकाऱ्यांनी सांगितलं, आणि आपल्याला त्यांच्या शब्दावरच थांबावं लागलं.

19. तुमचं स्वतःचं मत काय, गोल गोल न बोलता?

नष्ट करा. तारीख ठरवून, दोन्हीकडे एकाच आठवड्यात, इतर देशांचे साक्षीदार उभे करून, आणि त्याआधी प्रत्येक नमुन्याचा कोड वाचून तो राखून ठेवून, बुळकांडीसारखं. औषधांचं काम उरलंय म्हणता तर किती वर्षांत काय पूर्ण करणार ते लिहून द्या, तेवढी मुदत द्या आणि ती वाढवू नका. 1999 पासून "अजून थोडं काम बाकी आहे" हे ऐकतोय.

कारण एकच. जपून ठेवण्याचा फायदा ज्यांना होणार आणि चूक झाली तर ज्यांच्यावर येणार, ती माणसं वेगळी आहेत. अमेरिकेकडे आपल्या प्रत्येक नागरिकाला पुरेल एवढी लस साठवलेली आहे. बिहारच्या, सोमालियाच्या, आपल्या मेळघाटच्या मुलाकडे काय आहे? जॅनेट पार्कर वरच्या मजल्यावर फोटो धूत होती, तिला कुणी विचारलं नव्हतं.

तुम्हाला वेगळं वाटत असेल तर प्रश्न 6 आणि 11 परत वाचा, तिथे तुमची बाजू मी होईल तेवढी नीट मांडलीय, आणि राहिलं असेल तर कळवा, भर घालेन.

20. आजोबांच्या बंद दवाखान्यात जुन्या काचेच्या कुप्या सापडल्यात, एकीवर देवी असं काहीतरी लिहिलंय. काय करू?

असा मेसेज मला दोनदा आलाय म्हणून शेवटी घेतेय. बहुतेक वेळा ती देवीची जुनी सुकवलेली लस असते, म्हणजे व्हॅक्सिनिया, प्रश्न 5 बघा. अमेरिकेत पेनसिल्वेनियात नोव्हेंबर 2021 मध्ये एका लॅबच्या फ्रीजरमध्ये देवीचं नाव लिहिलेल्या कुप्या सापडल्या, खूप बोंबाबोंब झाली आणि तपासल्यावर त्यात लशीचाच व्हायरस निघाला. पण ते ठरवणं तुमचं काम नाही. कुपी उघडू नका, हलवून बघू नका, मोरीत ओतू नका, कचऱ्यात टाकू नका, भंगारवाल्याला देऊ नका. आहे तिथेच राहू दे, दूरून लेबल वाचता येईल असा एक फोटो काढा, खोलीला कुलूप लावा, हात साबणाने धुवा, आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना किंवा शहरात असाल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला फोन करून लेखी पण कळवा. एखादी कुपी आधीच फुटलेली असेल तर झाडू मारू नका, काचा हाताने उचलू नका, सगळ्यांना बाहेर काढा, दार लावून घ्या, आणि खोलीत कोण कोण गेलं होतं त्यांची नावं एका कागदावर लिहून ठेवा.